‘निवडून येईल का?’ हा प्रश्न नेमका कोणाविषयी आहे?

निवडणूक जवळ आली की मराठी वर्तमानपत्रांत एक शब्द हटकून येतो : इलेक्टिव्ह मेरिट. म्हणजे निवडून येण्याची क्षमता. तिकीट अमक्याला का आणि तमक्याला का नाही, याचे उत्तर पुढाऱ्याने या एका शब्दात दिले की पत्रकारही पुढे काही विचारत नाहीत. हाच शब्द खाली वस्तीत उतरतो तेव्हा त्याचे वाक्य होते. ‘‘माणूस चांगला आहे हो, अभ्यासू आहे, आपला आहे, पण निवडून येणार नाही.’’ हे वाक्य बोलणारा विरोधक नसतो. बहुतेक वेळा तो आपलाच असतो, जयंतीच्या मिरवणुकीत आपल्या शेजारी चालणारा.

आमचे म्हणणे असे आहे की, हे वाक्य त्या उमेदवाराविषयी नाहीच. ते उरलेल्या मतदारांविषयी आहे. ‘तो निवडून येणार नाही’ याचा सरळ अर्थ ‘बाकीचे लोक त्याला मत देणार नाहीत’ एवढाच होतो. का देणार नाहीत, ते मात्र कोणी बोलत नाही. दुसऱ्याच्या मनात किती जात आहे याचा आपण अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाबरहुकूम स्वतःचे मत फिरवतो. म्हणजे मत आपले, बोट आपले, शाई आपल्या बोटाला; पण निर्णय त्याचा, ज्याने अजून तोंडही उघडलेले नाही.

भारतात हे नीट मोजता येत नाही, कारण उमेदवार ठरतो तो बंद खोलीत. अमेरिकेत मात्र पक्षाचा उमेदवार पक्षाचे मतदारच मतपेटीतून ठरवतात. त्या निवडणुकीला प्रायमरी म्हणतात. तिथे ‘मला कोण हवा’ आणि ‘कोण जिंकेल’ या दोन प्रश्नांची झटापट उघड्यावर चालते, तिचे आकडे निघतात, तिच्यावर अभ्यास होतात. तिथला कृष्णवर्णीय मतदार आपल्यासारखाच अल्पसंख्य आहे. एकट्याच्या बळावर तो राष्ट्राध्यक्ष निवडू शकत नाही. म्हणून हा विषय आपल्या तरुणांनी समजून घ्यावा असे आम्हाला वाटते. आणखी एक कारण आहे. प्रायमरी हा शब्द आपल्या इतिहासात १९३२ सालीच आलेला आहे. त्याकडे पुढे येऊच.

आधी पद्धत थोडक्यात. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरात असते. त्याच वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकेका राज्यात डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांच्या प्रायमरी होतात. काही राज्यांत मतपेटीऐवजी सभा भरवून कौल घेतात, त्याला कॉकस म्हणतात. मिळालेल्या मतांवर उमेदवाराला डेलिगेट मिळतात आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात ज्याच्याकडे बहुसंख्य डेलिगेट तो पक्षाचा उमेदवार. सगळी राज्ये एकाच दिवशी मत देत नाहीत, ही यातली ग्यानबाची मेख. वर्षानुवर्षे पहिला मान आयोवाचा आणि दुसरा न्यू हॅम्पशायरचा होता. दोन्ही राज्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास गोरी.

२०१९ साली डेमोक्रॅटिक पक्षात डझनावारी उमेदवार होते. त्यात कमला हॅरिस होत्या, कोरी बुकर होते, एलिझाबेथ वॉरन होत्या. ट्रम्पला हरवेल असा कोणीही द्या, ही मतदारांची एकच मागणी होती. त्या वर्षी जूनमध्ये इप्सॉस या संस्थेने डेमोक्रॅट आणि अपक्ष मतदारांना विचारले की, महिला राष्ट्राध्यक्ष तुम्हाला चालेल का? ७४ टक्के म्हणाले, चालेल. मग विचारले, तुमच्या शेजाऱ्यांना चालेल का? त्याला हो म्हणणारे फक्त ३३ टक्के निघाले. मित्रहो, या दोन आकड्यांमधल्या फटीत सगळे राजकारण आहे. प्रत्येकजण म्हणतो मी तसा नाही, शेजारी तसा आहे. आणि शेजारीही हेच म्हणतो. असे सगळे मिळून अशा भेदभावाची अंमलबजावणी करतात, जो आपल्या मनात आहे असे त्यांतले फार थोडे कबूल करतील.

त्याच काळातल्या दुसऱ्या एका पाहणीत आज मत कोणाला द्याल असे विचारल्यावर जो बायडन पहिले आले. जादूची कांडी फिरवून हवा तो माणूस थेट राष्ट्राध्यक्ष करता आला तर कोणाला कराल, असे विचारल्यावर वॉरन पुढे गेल्या. रेजिना बेटसन या राज्यशास्त्रज्ञ महिलेने यावर प्रयोग करून २०२० मध्ये लेख लिहिला. गुणवत्ता अगदी सारखी असली तरी गोरा पुरुष उमेदवार जास्त ‘निवडून येण्याजोगा’ आणि गोरी स्त्री, काळा पुरुष, काळी स्त्री कमी, असे अमेरिकन लोक मानतात, हे तिने दाखवले. तिने या प्रकाराला जे नाव दिले त्याला आपण डावपेची भेदभाव म्हणू. उमेदवाराविषयी मनात द्वेष असावाच लागत नाही. इतरांच्या मनात तो आहे असे गृहीत धरले की पुरते. ज्याचे तिकीट कापले गेले त्याला मात्र दोन्हींत काही फरक जाणवत नाही.

आता यात कृष्णवर्णीय मतदार कुठे उभा राहतो ते पाहू.

२००७ च्या उत्तरार्धात बराक ओबामा उमेदवार म्हणून उभे होते आणि तरी कृष्णवर्णीय मतदारांत हिलरी क्लिंटन आघाडीवर होत्या. सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या लाठीने डोके फुटलेले जॉन लुईस, नागरी हक्क चळवळीचे जितेजागते प्रतीक, त्यांनीही आधी क्लिंटन यांनाच पाठिंबा दिला होता. याला लाचारी म्हणायचे का? आम्ही म्हणणार नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात टॉम ब्रॅडली हा लॉस एंजेलिसचा काळा महापौर गव्हर्नरपदाला उभा होता. मतदानपूर्व चाचण्यांत तो पुढे होता आणि मतपेटीत थोडक्यात हरला. गोरा माणूस चाचणीवाल्याला एक सांगतो आणि पडद्याआड वेगळे करतो, हा धडा तिथल्या काळ्या समाजाने पुस्तकातून शिकलेला नाही. आपल्यालाही तो पुस्तकातून शिकावा लागत नाही. सरपंचपदाची सीट राखीव झाली की गावात कोण कोणाच्या घरी रात्री जाऊन बसतो, हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते.

३ जानेवारी २००८ रोजी आयोवात ओबामा जिंकले. जवळजवळ ३८ टक्के मते. क्लिंटन तिसऱ्या. गोऱ्या राज्याने काळ्या माणसाला पहिला नंबर दिला आणि तीन आठवड्यांत चित्र उलटले. २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात, जिथे डेमोक्रॅटिक प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतदार कृष्णवर्णीय असतात, ओबामांना ५५ टक्के मते मिळाली, क्लिंटन यांना २७. मतदानोत्तर चाचण्यांनुसार दर पाच काळ्या मतदारांपैकी जवळपास चौघे ओबामांकडे गेले. फेब्रुवारी संपेपर्यंत जॉन लुईस यांनीही बाजू बदलली.

या विजयाच्या गोष्टी सांगताना लोक एक कडू भाग वगळतात. आयोवाच्या आधी आणि नंतर ओबामा तोच माणूस होता. भाषणे तीच, कार्यक्रम तोच. बदलला तो फक्त दाखला. काळ्या समाजाला स्वतःचा माणूस निवडायला गोऱ्यांच्या सहीचा दाखला लागला. तलाठ्याच्या सहीशिवाय आपलीच जमीन आपली होत नाही, तसे.

अजून एक हिशोब इथेच करून टाकू. नोव्हेंबर २००८ मध्ये ओबामांना देशभर सुमारे ५३ टक्के मते मिळाली. पण गोऱ्या मतदारांत ते हरलेच होते. मतदानोत्तर चाचण्यांप्रमाणे गोऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनीच त्यांना मत दिले. म्हणजे ‘बहुसंख्य गोरे काळ्याला मत देणार नाहीत’ हा अंदाज खरा होता आणि तरीही ‘काळा निवडून येणार नाही’ हे खोटे ठरले. कारण बहुसंख्य गोऱ्यांची गरजच नव्हती. पुरेसे गोरे हवे होते. आपल्याकडचे चाणक्य ‘ते लोक मत देत नाहीत’ एवढ्यावर थांबतात. किती देत नाहीत, किती देतात आणि किती लागतात, ही बेरीज मांडत नाहीत.

२०२० मध्ये फासा उलटा पडला. कमला हॅरिस यांनी पैसा उरला नाही असे सांगून डिसेंबर २०१९ मध्येच माघार घेतली, एकही मत पडायच्या आधी. कोरी बुकर जानेवारीत गेले. निवडून येण्याच्या क्षमतेचे रहाटगाडगे कसे फिरते ते हॅरिस यांच्या उदाहरणात दिसते. जिंकणार नाही असे वाटले की देणगीदार हात आखडतात, पैसा आटला की प्रचार आटतो, प्रचार आटला की चाचण्यांत आकडा पडतो, आणि आकडा पडला की वाहिन्यांवर बसलेले लोक म्हणतात, आम्ही सांगितले होते ना, जिंकणार नाही. भाकीत करणाऱ्यांनीच भाकीत खरे करून दाखवायचे.

मग साउथ कॅरोलायनाची पाळी आली. तोवर बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. उमेदवारी संपली असे सगळे लिहीत होते. २६ फेब्रुवारीला त्या राज्यातले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जेम्स क्लायबर्न यांनी बायडन यांना जाहीर पाठिंबा दिला. २९ तारखेला बायडन यांना ४८ टक्क्यांहून जास्त मते, सँडर्स यांना जेमतेम २०. दोन दिवसांत बुटिजिज आणि क्लोबुचर यांनी माघार घेऊन बायडन यांना पाठिंबा दिला. ३ मार्चला डझनभराहून जास्त राज्यांत मतदान होते. त्यानंतर शर्यत जवळजवळ संपल्यातच जमा झाली.

तिथले तरुण काळे कार्यकर्ते यावर संतापले. वडीलधाऱ्यांनी घाबरून म्हाताऱ्या गोऱ्या माणसाला मत दिले, असे त्यांचे म्हणणे. हा राग आपल्या मुलांना ओळखीचा वाटेल. पण आम्हाला तो अर्धाच पटतो. कारण क्लायबर्न यांनी पाठिंबा फुकट दिला नव्हता. सर्वोच्च न्यायालयात काळी स्त्री न्यायाधीश नेमण्याचे जाहीर वचन द्या, असा त्यांचा आग्रह होता आणि पाठिंब्याच्या आदल्या रात्री चार्ल्स्टनच्या वादसभेत बायडन यांनी ते दिले. एप्रिल २०२२ मध्ये केतनजी ब्राऊन जॅक्सन यांच्या नेमणुकीवर सिनेटने शिक्कामोर्तब केले. दोनशे वर्षांहून जुन्या त्या न्यायालयात पहिली काळी स्त्री. ‘जो जिंकेल त्याला मत’ हाच विचार दोन तऱ्हांनी करता येतो. एक, भीतीने, मान खाली घालून. दुसरा, ‘तू आमच्याशिवाय जिंकत नाहीस’ हे समोरच्याला मोजून दाखवून आणि किंमत लावून. मतपेटीत पडणारे मत दोन्हींत सारखेच दिसते, पण दुसऱ्या वर्षी हातात काय उरते ते पाहिले की फरक कळतो. आपल्याकडे ‘संविधान वाचवायचे आहे, यावेळी प्रश्न विचारू नका’ असे सांगून मते मागणाऱ्यांना आपल्यातल्या किती संघटनांनी लेखी काही मागितले होते, हे एकदा प्रामाणिकपणे तपासावे.

निवडून येण्याची क्षमता आधी कळते तरी का, हा प्रश्नही उरतोच. डेमोक्रॅटिक पक्षाचा अलीकडचा इतिहास काढा. २००४ मध्ये जॉन केरी यांना आयोवात निवडले ते युद्धात पदके मिळवलेला माणूस बुशला हरवेल म्हणून. हरले. २०१६ मध्ये क्लिंटन अनुभवी, खात्रीच्या. राष्ट्राध्यक्षपद गेले. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाच्या सगळ्या जाणत्यांनी ट्रम्प कधीच निवडून येणार नाही असे सांगितले होते. दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर युक्तिवाद लंगडा होईल : १९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याविषयी हे जिंकणार नाहीत असे जे बोलले गेले ते खरे ठरले, ५० पैकी ४९ राज्ये त्यांनी गमावली. म्हणजे अंदाज कधी बरोबर येतो, कधी चुकतो. पण चुकल्याचा दंड सगळ्यांना सारखा बसत नाही. २०१६ आणि २०२४ मध्ये दोन स्त्रिया ट्रम्पकडून हरल्या, तर स्त्री जिंकू शकत नाही असा सिद्धान्त झाला. त्यातल्या क्लिंटन यांना देशभरात ट्रम्पपेक्षा २८ लाखांहून जास्त मते होती आणि हॅरिस यांना तर प्रायमरीविना, शेवटचे साडेतीन महिने हातात देऊन उभे केले होते, हे कोणी ध्यानात घेत नाही. मॉन्डेल हरले, डुकाकिस हरले, केरी हरले. गोरा पुरुष जिंकू शकत नाही असे मात्र कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

डुकाकिस यांचे नाव आलेच आहे तर १९८८ कडे जाऊ, कारण मत ‘वाया’ जाण्याचे आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे उदाहरण तिथे आहे.

रेव्हरंड जेसी जॅक्सन दोनदा प्रायमरी लढले. पहिल्यांदा १९८४ मध्ये. तेव्हा पक्षातल्या बहुतेक काळ्या पुढाऱ्यांनीही त्यांना साथ दिली नाही. मॉन्डेलच जिंकू शकतील म्हणाले. जॅक्सन यांना ३० लाखांहून जास्त मते मिळाली, एकूण मतांच्या सुमारे १८ टक्के, पण डेलिगेट त्या मानाने फार कमी, कारण नियम मोठ्या उमेदवाराच्या सोयीचे होते. मॉन्डेल नोव्हेंबरात एक मिनेसोटा आणि राजधानी वॉशिंग्टन सोडून सगळीकडे हरले. १९८८ मध्ये जॅक्सन पुन्हा उभे राहिले. कारखाने बंद पडलेले गोरे कामगार, कर्जात बुडालेले शेतकरी, स्पॅनिश बोलणारे, आशियाई अशी वेगवेगळ्या रंगांची मोट त्यांनी बांधली. मार्चअखेर मिशिगनचा कॉकस जिंकला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच लोकांना वाटले, हा उमेदवार होऊ शकतो. आणि त्याच आठवड्यात ‘पण नोव्हेंबरात जिंकेल का?’ हा प्रश्न सगळीकडून विचारला जाऊ लागला. पुढच्या विस्कॉन्सिनमध्ये डुकाकिस यांनी त्यांना हरवले. शेवटी जॅक्सन यांच्या पदरात जवळपास ७० लाख मते आणि दुसरा क्रमांक. खात्रीचे डुकाकिस नोव्हेंबरात ४० राज्ये हरले.

मग ती ७० लाख मते वाया गेली का? अटलांटाच्या अधिवेशनात जॅक्सन रिकाम्या हाताने गेले नव्हते. डेलिगेटांच्या जोरावर त्यांनी पक्षाला नियम बदलायला लावले. काही राज्यांत पहिल्या आलेल्याला जादा डेलिगेट देण्याचे जे प्रकार होते ते बंद करून मतांच्या प्रमाणात वाटप, हे ठरले. रुक्ष बाब आहे. पेपरात बातमी शोधावी लागेल अशी. पण २००८ मध्ये काय झाले पाहा. क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया जिंकले, न्यूयॉर्क जिंकले, न्यू जर्सी, ओहायो, पेनसिल्व्हेनिया जिंकले. जिंकणाऱ्याला सगळे अशी पद्धत असती तर ओबामांची उमेदवारी वसंत ऋतूतच संपली असती. प्रमाणात वाटप असल्यामुळे हरलेल्या राज्यांतूनही ओबामा आपला वाटा गोळा करत राहिले. टेक्सासची प्रायमरी क्लिंटन यांनी जिंकली, पण तिथल्या कॉकसचा हिशोब धरून त्या राज्यातले जास्त डेलिगेट ओबामांना मिळाले! वीस वर्षांपूर्वी ‘निवडून न येणाऱ्या’ माणसाला पडलेल्या मतांनी पहिला काळा राष्ट्राध्यक्ष होण्याची वाट मोकळी केली.

जॅक्सन यांच्याही आधी, १९७२ मध्ये, शर्ली चिशम उभ्या होत्या, अमेरिकन संसदेतली पहिली काळी स्त्री. त्यांना गोऱ्यांनी गंभीरपणे घेतले नाही ते समजू शकतो. काळ्या पुरुष पुढाऱ्यांनीही घेतले नाही. तरी अधिवेशनात १५२ डेलिगेटांची मते त्यांनी मिळवली.

आता पुण्याकडे येऊ.

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना ७१ जागा दिल्या आणि त्या जागांसाठी स्वतंत्र मतदारसंघ दिले. आपले मतदार, आपला उमेदवार, मध्ये कोणी नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने जागा १४८ झाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेले. एवढे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असते. त्याच करारातला प्रायमरीचा भाग मात्र फारसा बोलला जात नाही. राखीव जागेवर आधी फक्त अस्पृश्य मतदार मत देणार आणि चार जणांचे पॅनेल निवडणार. मग त्या चौघांतून एकाला सगळे मतदार, म्हणजे प्रामुख्याने सवर्ण हिंदू, निवडणार. ही पद्धत दहा वर्षांसाठी होती. बाबासाहेबांच्या हातून स्वतंत्र मतदारसंघ काढून घेतल्यावर पदरात पडलेला तो अर्धा तुकडा होता.

या रचनेकडे अमेरिकेतल्या अनुभवाच्या उजेडात पाहा. पहिल्या फेरीत प्रश्न : आम्हाला कोण हवा? दुसऱ्या फेरीत प्रश्न : तुम्हाला आमच्यातला कोण चालेल? पहिल्या फेरीत पहिला आलेला दुसऱ्या फेरीत पडू शकत होता आणि शेवटचा आलेला, सवर्णांना सोयीचा, निवडून येऊ शकत होता. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात या पद्धतीची चिरफाड केली ती याच मुद्द्यावर. १९४६ मध्ये तर ते आकड्यांनिशी दिसले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन अंतिम निवडणुकीत जवळजवळ भुईसपाट झाले आणि काँग्रेस म्हणाली, पाहा, अस्पृश्य आमच्याबरोबर आहेत. बाबासाहेबांनी कॅबिनेट मिशनसमोर मांडले की अंतिम निकाल पाहू नका, प्रायमरीचे निकाल पाहा. फक्त अस्पृश्यांनी मत दिले तिथे कोण पुढे आहे ते तपासा. चारांपेक्षा जास्त उमेदवार असतील तिथेच प्रायमरी होत असे, त्यामुळे अशा जागा थोड्याच होत्या, पण जिथे झाली तिथला कौल आपल्या बाजूचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मिशनने मे १९४६ च्या योजनेत अस्पृश्यांना वेगळा घटक मानलेच नाही. पहिल्या फेरीचा आवाज दुसऱ्या फेरीच्या गोंगाटात बुडवण्यात आला.

संविधानानंतर राखीव जागा राहिल्या, संयुक्त मतदारसंघ राहिले, आणि ती पहिली फेरी गेली. म्हणजे आजच्या राखीव मतदारसंघात फक्त दुसरा प्रश्न उरला आहे. पहिली फेरी आता मुंबई-दिल्लीच्या पक्ष कार्यालयांत होते आणि तिथे जो शब्द वापरतात तोच इलेक्टिव्ह मेरिट. राखीव जागेच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ काढायला शब्दकोश लागत नाही : बोलणारा नको, ॲट्रॉसिटीवर उभा राहणारा नको, जिल्ह्यातल्या साखरसम्राटाला विचारून श्वास घेणारा हवा. २०१४ मध्ये काँग्रेसने मोजक्या लोकसभा मतदारसंघांत अमेरिकेच्या धर्तीवर प्रायमरी करून पाहिली. महाराष्ट्रात त्यात वर्धा होते आणि राखीव असलेले लातूरही होते. मतदार कोण? पक्षाचेच पदाधिकारी. वर्ध्यात त्यांनी निवडले कोणाला, तर त्या वेळच्या खासदारांच्या चिरंजीवांना. नोव्हेंबरची वाट पाहण्याची गरजही पडली नाही, मे महिन्यातच निकाल लागला.

हा रोग चळवळीच्या बाहेरच आहे असे कोणी समजू नये. ‘मातंग उमेदवार दिला तर आपले लोक मत देणार नाहीत’, ‘चर्मकार उमेदवाराच्या मागे बौद्ध वस्ती जाणार नाही’, ‘बाई उभी केली तर प्रचाराला कोण फिरणार’ ही वाक्ये निळ्या झेंड्याखालच्या बैठकांतच बोलली जातात आणि बोलणारा प्रत्येकजण पुढे जोडतो, माझे काही म्हणणे नाही हो, लोकांचे सांगतो. ७४ आणि ३३ चा हिशोब इथेही लागू आहे. अशा बैठकीत कोणीतरी उठून विचारले पाहिजे की हे ‘लोक’ म्हणजे नेमके किती, कोणत्या वॉर्डातले, आणि त्यांना तुम्ही विचारले कधी?

अमेरिकेत पहिला मान कोणाचा यावरून शेवटी पक्षात भांडण झालेच. आयोवा-न्यू हॅम्पशायरने आधी बोलायचे आणि काळ्या मतदारांनी मग आपले मत बेतायचे, हे किती दिवस, असा सवाल उभा राहिला. २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने आपल्या वेळापत्रकात अधिकृतपणे साउथ कॅरोलायना पहिले ठेवले. त्या वेळी बायडन स्वतःच पदावर होते, त्यामुळे खरी स्पर्धा नव्हती, आणि आपल्याला वाचवणाऱ्या राज्याला त्यांनी दिलेले ते बक्षीसही होते. तरी कोण आधी बोलतो यावर कोण ‘जिंकण्याजोगा’ दिसतो हे ठरते, एवढे त्या पक्षाला कळले.

आपल्या वस्त्यांत उमेदवाराची चर्चा सुरू होते ती याद्या जाहीर झाल्यावर. तोवर चार नावे समोर आलेली असतात आणि त्यातला कमी वाईट कोण एवढेच ठरवायचे असते. महानगरपालिकेचा एक प्रभाग घ्या किंवा जिल्हा परिषदेचा एक गट घ्या. तिथल्या बुद्धविहारांची, महिला मंडळांची, तरुण मंडळांची, मातंग-चर्मकार वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांची एकत्र सभा याद्यांच्या दोन महिने आधी भरवायची, इच्छुकांना समोर उभे करून प्रश्न विचारायचे आणि चिठ्ठ्या टाकून मत घ्यायचे. मग तो आकडा घेऊन पक्षांच्या दारात जायचे, किंवा नाही जायचे. अशी सभा घ्यायला कोणाचीही परवानगी लागत नाही. विहाराचा हॉल, एक रजिस्टर आणि चिठ्ठ्यांसाठी एक डबा एवढेच लागते.